नालवाडीचा सरंजाम किलोवर विकला

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांचं दुकान रिकामं झालं. काका जाऊन दोन वर्षं झाली. मुलं पुण्याला. त्यांना गाळा भाड्यानं द्यायचा होता, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. भंगारवाला आला. काकांचं टेबल, दोन मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान, मोटर भरायचं वाइंडिंग मशीन, ड्रॉवरभर सुटे पार्ट, सगळं काट्यावर चढलं आणि किलोच्या भावानं गेलं.

शेजारचा एक पोट्टा बारावी करून घरी बसलाय. तो मला हळूच म्हणाला, "भाऊ, ते वाइंडिंगचं मशीन मले पाहिजे होतं. पण ठेवू कुठं? आमची एकच खोली आहे."

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शिकायची इच्छा असलेला पोरगा आहे, हत्यार समोर आहे, आणि मध्ये आडवी आली ती फक्त जागा.

त्याच आठवड्यात गावाकडून मामाचा फोन. शेतातलं झटका मशीन बंद पडलं. रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाच्या तारेत करंट सोडतो ते. जिथून घेतलं त्या दुकानदारानं सांगितलं, कंपनीकडे पाठवावं लागेल, आठ-दहा दिवस धरा. तोवर चार रात्री मामा बॅटरी आणि थाळी घेऊन धुऱ्यावर. पाचव्या रात्री डोळा लागला आणि डुकरांनी हरभरा लोळवला. नंतर कळलं, आतली एक तार सुटली होती. काका असते तर दहा मिनिटांचं काम.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे. पण राजेहो, पूर्ण वाचा.

जगात याला मेकर चळवळ म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. आपल्याला लागणारी वस्तू जमेल तेवढी आपण बनवायची. मोडली तर फेकायच्या आधी उघडून बघायची. जमलं तर कसं जमलं ते दुसऱ्याला फुकट सांगायचं. आणि एकट्याला न परवडणारी यंत्रं सगळ्यांनी मिळून एका जागी ठेवून वापरायची. वाचनालयाचंच तत्त्व. सगळी पुस्तकं कोणी घरात विकत घेत नाही. मग ड्रिल मशीन, वेल्डिंग मशीन, लेथ प्रत्येकानं विकत का घ्यायचं?

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात नील गर्शेनफेल्ड नावाच्या प्राध्यापकानं १९९८ मध्ये 'जवळजवळ काहीही कसं बनवावं' अशा नावाचा वर्ग सुरू केला. त्यातून पुढे 'फॅब लॅब' ही कल्पना आली. संगणकावर चालणारी कटिंगची यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल, आणि दार सगळ्यांना उघडं. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला 'रिपेअर कॅफे' सुरू झाला. बंद पडलेला टोस्टर घेऊन या, जाणकाराशेजारी बसा, दोघं मिळून दुरुस्त करा. आज असे कॅफे अनेक देशांत आहेत.

आता कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचे शौक आहेत. थांबा. एमआयटीच्या बाहेर जगातली पहिली फॅब लॅब कुठं निघाली? लंडन नाही, टोकियो नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळला. साल २००२.

ती तिथं निघाली याला कारण आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये मोठ्या पदावरचे शास्त्रज्ञ. नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळच्या कोरडवाहू माळावर विज्ञान आश्रम काढला. विद्यार्थी कोण? शाळेतून बाहेर पडलेली, नापासाचा शिक्का बसलेली पोरं. कलबाग सरांचं म्हणणं होतं की माणूस हातानं काम करत शिकतो, आणि गावाला लागणाऱ्या सेवा देता देता शिकला तर शिक्षणाचा खर्चही निघतो. पोरं वेल्डिंग शिकली, वायरिंग शिकली, जमिनीखालचं पाणी शोधायच्या यंत्रानं सर्व्हे करायला शिकली. जुन्या जीपच्या भागांपासून छोटा ट्रॅक्टर जुळवला. एमआयटीवाले आले तेव्हा पाबळला वीस वर्षांची तयारी होती. यंत्रं नंतर आली, आधी हात तयार झाले होते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता आपल्या गावावर येतो.

विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीत राहायला आले. १९३८ मध्ये पवनारला गेले. मधली पाचेक वर्षं इथं. शाळेत आपल्याला एवढंच सांगतात आणि वर एक फोटो लावतात. पण त्या वर्षांत इथं चाललेलं काम बघा. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथं चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणं, ज्या कामाला आणि ते करणाऱ्या माणसांना समाज शिवत नव्हता, ते काम इथं शास्त्र म्हणून हातात घेतलं गेलं. चरखे, टकळ्या, पिंजणाची साधनं बनवणारं सरंजाम कार्यालय होतं. खादीवाल्यांच्या भाषेत 'सरंजाम' म्हणजे हत्यारं-अवजारं. जहागिरी नव्हे!

तिकडे मगनवाडीत १९३४ पासूनच अखिल भारत ग्रामोद्योग संघ. जे. सी. कुमारप्पांसारखा परदेशात शिकलेला हिशेबतज्ज्ञ माणूस तिथं घाणी, हातकागद, चूल यांवर डोकं घालत होता. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालणारा 'मगनदीप' तिथला. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं, तेही ग्रामोद्योगाची अवजारं आणि वस्तू लोकांना दाखवायला.

आणि ज्यांना वाटतं की गांधी म्हणजे यंत्राला विरोध, त्यांच्यासाठी. १९२९ मध्ये चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, सुधारलेल्या चरख्यासाठी. अटी वाचा म्हणजे गंमत कळेल. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकला पाहिजे. खेड्यातल्या घरात चालला पाहिजे. बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. ही आजच्या भाषेतली डिझाइन स्पर्धाच की! किर्लोस्करांनीही यंत्र पाठवलं होतं. बक्षीस कोणाला मिळालं नाही, कारण अटी कडक होत्या. त्याआधी १९२४ मध्येच गांधींनी सिंगरच्या शिलाई मशीनला उपयोगी यंत्र म्हणून अपवाद मानलं होतं. त्यांचा प्रश्न यंत्राचा नव्हता, यंत्र कोणाच्या ताब्यात आहे हा होता.

म्हणजे ज्याला आज जग मेकर चळवळ म्हणतं, ते नव्वद वर्षांपूर्वी या मातीत चालू होतं. आणि आपण त्याचं काय केलं? पुतळा केला. जयंतीला सूतकताई, फोटो, चहा, निघा. चरखा सतत सुधारायची वस्तू होती, आपण त्याला देव्हाऱ्यात बसवलं. हे मी गांधीवाद्यांनाही म्हणतो. ज्या थोड्या संस्था अजून घाणी, खादी, ग्रामतंत्रज्ञान नेटानं चालवतात त्यांना हात जोडून, पण म्हणतो.

"सरकार करतंय ना भाऊ!" हे आता तुम्ही म्हणणार. करतंय. नाही कुठं म्हटलं?

२० सप्टेंबर २०२४ ला आपल्याच वर्ध्यात पंतप्रधान आले होते, विश्वकर्मा योजनेच्या पहिल्या वर्षपूर्तीला. मी बातमीसाठी उन्हात उभा होतो. योजना चांगली आहे. अठरा पारंपरिक धंदे, प्रशिक्षण, कमी व्याजाचं कर्ज, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर. सुताराला, लोहाराला कोणी कारागीर म्हणून ओळखपत्र दिलं, ही छोटी गोष्ट नाही. पण पंधरा हजारांत एका माणसाची पेटी येते, वर्कशॉप येत नाही. चाळीस कारागिरांची रक्कम धरली तर सहा लाख होतात. तेवढ्याच पैशांची आणखी एक सामायिक जागा त्यांना दिली, तर ज्या यंत्राचं एकट्यानं स्वप्नही बघता येत नाही ते चाळीसजण वापरतील. पेटी द्याच, सोबत छप्परही द्या. आणि आणखी एक. योजना बापजाद्यांपासून चालत आलेल्या धंद्यांची आहे. पण ज्या पोट्ट्याचा बाप सुतार नाही आणि ज्याला रंधा धरायचाय, त्यानं कुठं जायचं? ज्या पोरीला वेल्डिंग शिकायचंय तिनं? हत्याराला जात चिकटवायची आपली सवय जुनी आहे. ती मोडायचं काम याच नालवाडीत चर्मालयानं सुरू केलं होतं.

दुसरी योजना, अटल टिंकरिंग लॅब. २०१६ पासून. निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे किट. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब सरकारी शाळांत काढायची घोषणा झाली. छान.

अशा एका लॅबला मी गेलो होतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. कुलूप होतं. चावी ज्या सरांकडे ते निवडणुकीच्या कामावर. अर्ध्या तासानं दुसरी चावी सापडली. आत प्रिंटरवर प्लास्टिक, प्लास्टिकवर धूळ. मी विचारलं, पोरं वापरत नाहीत का? उत्तर मिळालं, "डेडस्टॉकला नोंद आहे साहेब. मोडलं तर भरून कोण देणार?"

डेडस्टॉक! हा शब्द ज्यानं काढला त्याला साष्टांग. जिवंत यंत्र रजिस्टरात चढलं की मेलं. शिक्षकावर राग काढू नका, तो बिचारा खरं बोलला. वापरल्यानं मोडलं तर शिक्षा आणि न वापरता गंजलं तर काही नाही, असा नियम असेल तर कोणीही कुलूपच लावेल. पाबळचा क्रम आठवा. तिथं आधी हात, मग यंत्र. आपण आधी खरेदी करतो, मग उद्घाटन, मग कुलूप.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नालवाडीत एक सार्वजनिक कार्यशाळा हवी. स्मारक नको, केंद्र नको, भवन तर बिल्कुल नको.

एक हॉल, पक्कं छप्पर, वीज. बाकावर बसवलेला व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, सुतारकामाची हत्यारं, दोन शिलाई मशीन, सोल्डरिंगचं टेबल, मल्टिमीटर. थ्रीडी प्रिंटर सगळ्यात शेवटी, कोणी खरंच मागितला तर. रोज संध्याकाळी सहा ते नऊ. बायकांना संध्याकाळी घरातून निघणं जमत नाही, म्हणून दुपारी दोन ते पाच वेगळी वेळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मानधनावर एक अनुभवी मिस्त्री. आपल्याकडे हात थांबलेले किती कारागीर आहेत! वाइंडिंगवाले, फिटर, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान काकांसारखं स्मशानात जायच्या आधी पोरांच्या हातात उतरू द्या. डेडस्टॉक रजिस्टरऐवजी वापराची वही. वर्षाच्या शेवटी विचारायचं, किती वस्तू दुरुस्त झाल्या, किती नव्या हातांना काम आलं.

आक्षेप मला माहीत आहेत. हत्यारं चोरीला जातील. जातील काही. वाचनालयातली पुस्तकं जात नाहीत का? त्यासाठी कोणी वाचनालय बंद केलं नाही. बोट कापेल, डोळ्यात ठिणगी जाईल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून पहिले दोन दिवस फक्त सुरक्षितता, चष्मा-हातमोज्याशिवाय मशीनला हात नाही, आणि मिस्त्री नसेल तर दार बंद. पैसे संपतील. हाही खरा. अमेरिकेत टेकशॉप नावाची अशा कार्यशाळांची मोठी साखळी २००६ मध्ये निघाली. महिन्याची फी घ्यायची, जिमसारखी. २०१७ मध्ये एका दिवसात सगळी कुलपं. वर्गणीवर एवढी यंत्रं पोसली गेली नाहीत. म्हणून मी म्हणतो, हे वाचनालयासारखं सार्वजनिक खर्चानंच चालवावं, वर वापरणाऱ्यांकडून दहा-वीस रुपये घ्यावे.

"पोरांना नोकरी पाहिजे, स्क्रू-ड्रायव्हर नाही." हा सगळ्यात जड आक्षेप. मान्य, कार्यशाळा म्हणजे नोकरी नाही. पण आज आपली पोरं चाकणला, बुटीबोरीला कंत्राटावर जातात ती हात रिकामे घेऊन. उन्हाळ्यात या एका गावात किती कूलरचे पंप जळतात, मोजा. मिक्सर, पंखे, फवारणी पंप, झटका मशीन. हे सगळं काम इथंच आहे, फक्त करणारा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारंही धरली. म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची भाषा दिल्लीत सुरू झाली. हक्क आला आणि दुरुस्त करणारे हात गेले, तर तो हक्क काय भिंतीला टांगायचा?

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, यंत्राचा नाही. मला फ्यूज बदलता येतो, तेवढंच. पण एवढं कळतं की गावात काही बनवायची जागा नसली की गावाला सगळं विकतच घ्यावं लागतं, आणि विकत घेतलेलं मोडलं की पुन्हा विकत.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. एका हॉलची आणि एका मिस्त्रीच्या मानधनाची मागणी, अर्ध्या पानाचा अर्ज. त्यावर माझी एकट्याची सही असेल तर तो अर्जही डेडस्टॉकला जाईल. शंभर सह्या असतील तर ठराव मांडावा लागेल. घरात जुनं, चालू हत्यार पडून असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला कळवा. तोवर माझ्या पडवीत ठेवतो.

त्या पोट्ट्याला मी शब्द दिलाय की पुढचं वाइंडिंग मशीन किलोवर जाणार नाही. आता तो शब्द तुमच्याही भरवशावर आहे.