मत्स्यबीज संगोपनात पाण्याच्या तपासणीला बीजपुरवठ्याइतके स्थान मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: नर्सरी व संगोपन तळ्यांतील पाण्याची योग्य वेळी तपासणी, बीजासाठी स्वतंत्र मानके आणि प्रत्येक तळ्याची जलपत्रिका यांविषयीच्या मागण्या.

कटला, रोहू आणि मृगळ या प्रमुख कार्प माशांचे अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिले तीन दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर जगते. बलक संपतो तेव्हा ते पाच-सहा मिलिमीटर लांबीचे ‘जिरे’ असते. नर्सरी तळ्यात सोडल्यावर पंधरा ते वीस दिवसांत त्याचे 20 ते 25 मिलिमीटरचे मत्स्यबीज व्हावे आणि पुढे संगोपन तळ्यात दोन-तीन महिन्यांत 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली व्हावी, असे गणित असते. या काळात पिल्लाचे वजन काही हजार पटींनी वाढते. इतक्या वेगाने मासा आयुष्यात पुन्हा कधीच वाढत नाही, म्हणून पाण्यातल्या प्रत्येक कमतरतेची किंमतही याच वयात सर्वाधिक असते.

10 जुलै 1957 रोजी कटक येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन भारतीय कार्पचे प्रजनन घडवून आणले. त्यापूर्वी बीजासाठी नद्यांच्या पुरावर अवलंबून राहावे लागे आणि त्या गोळा केलेल्या बीजात नको असलेल्या माशांची पिलेही येत. बीज मिळवण्याची अडचण त्या प्रयोगाने दूर झाली. ते जगवण्याची आणि वाढवण्याची अडचण मात्र मुख्यतः पाण्याची आहे, आणि पुरवठ्याची मोजणी नगांत होत असल्यामुळे ती हिशेबात येत नाही. तळ्यात किती लाख जिरे सोडले याची नोंद होते; कोणत्या पाण्यात सोडले याची क्वचितच होते.

खराब पाण्याने मर झाली तर ती दिसते. खुंटलेली वाढ दिसत नाही, आणि नुकसान बहुधा तिथेच मोठे असते. ताणाखालचे पिल्लू कमी खाते. खाल्ल्यापैकी बराच भाग श्वास घेण्यात आणि शरीरातील क्षारांचा तोल राखण्यात खर्ची पडतो, मांस बनायला थोडेच उरते. कल्ल्यांची त्वचा जाड होते आणि पुढे पाणी सुधारले तरी श्वसन लगेच सुधारत नाही. एकाच वयाची पिले लहान-मोठी होतात, मोठी खाद्य पळवतात आणि लहान मागे पडत जातात. महाराष्ट्रातील हंगामी तलावांत या विलंबाची भरपाई होत नाही. त्यांत पाणी साधारण पावसाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंतच टिकते. बोटुकली महिनाभर उशिरा तयार झाली की तो महिना थेट बाजारात जाणाऱ्या माशाच्या वजनातून वजा होतो, कारण मधल्या हिवाळ्यात पाणी गार झाले की कार्पचे खाणे तसेही मंदावते.

पाण्यातील विरघळलेला प्राणवायू हा पहिला घटक. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात तो फार तर लिटरमागे 7.5 मिलिग्रॅम मावतो. पिलांच्या चांगल्या वाढीसाठी 5 मिलिग्रॅम लागतो, म्हणजे हाताशी शिल्लक राहते ती अवघी अडीच मिलिग्रॅम. दिवसा सूक्ष्म वनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो वापरतात, आणि सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी असतो. पहाटे पिले पृष्ठभागावर येऊन हवा गिळताना दिसतात ती यामुळेच. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात हेच तळे निर्दोष ठरते. नर्सरीचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, म्हणजे सलग ढगाळ दिवसांचा, त्यामुळे दिवसाची भरपाईही अपुरी पडते. कार्यालयीन वेळेत केलेली तपासणी म्हणूनच दिशाभूल करणारी ठरते. यास्तव प्राणवायूची मोजणी सूर्योदयापूर्वी करण्याचा नियम व्हावा आणि प्रत्येक नोंदीसोबत वेळ लिहिणे बंधनकारक असावे. मोजणी तळ्याचा चालक स्वतः करू शकतो. त्यासाठी साधे तपासणी संच आणि एका दिवसाचे प्रशिक्षण पुरेसे आहे.

दुसरा घटक अमोनिया, आणि गैरसमज सर्वाधिक याच्याविषयी आहेत. पिले तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेल्या खाद्यातूनही तो तयार होतो. 30 टक्के प्रथिने असलेले एक किलो खाद्य दिले तर सुमारे 27 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येते. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. आयनरूप अमोनियम तुलनेने निरुपद्रवी असते. आयनरहित अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी ठरतो. कोणते रूप किती, हे सामू (पीएच) आणि तापमान ठरवतात. 30 अंशांवर सामू 7 असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो, सामू 8 असताना साडेसात टक्के आणि सामू 9 असताना सुमारे 45 टक्के. म्हणजे एकूण अमोनिया लिटरमागे 1 मिलिग्रॅम इतकाच राहूनही विषारी भाग 0.008 वरून 0.45 मिलिग्रॅमवर जातो. नर्सरीत तो 0.05 च्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. हिरव्यागार तळ्याचा सामू दुपारनंतर 9 च्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे प्राणवायूची मोजणी पहाटेची तशी अमोनियाची दुपारची हवी. सामू व तापमानाशिवाय दिलेला अमोनियाचा आकडा निरर्थक आहे. प्रयोगशाळांच्या अहवालात हे तिन्ही आकडे आणि त्यांवरून काढलेला आयनरहित अमोनिया एकत्र दिले जावेत, अशी मागणी आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात वन्यजीव व मत्स्यवाढीसाठी ‘ड’ वर्गाचे पाणी सांगितले आहे. त्यात सामू 6.5 ते 8.5, प्राणवायू किमान 4 मिलिग्रॅम आणि मुक्त, म्हणजे आयनरहित, अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबाने 1.2 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. नदी-जलाशयांच्या वर्गवारीसाठी हे निकष ठीक असतील. पाच मिलिमीटरच्या जिऱ्यांना ते लावणे म्हणजे अमोनियाच्या बाबतीत नर्सरीच्या मर्यादेच्या वीसपटीहून अधिक सवलत देणे होय. तळे ‘ड’ वर्गात बसते म्हणून बीजासाठी योग्य, असा शेरा कागदोपत्री बरोबर आणि तळ्यात घातक ठरू शकतो. जिरे, बीज आणि बोटुकली या तीन अवस्थांसाठी स्वतंत्र मर्यादा शासनाने प्रसिद्ध कराव्यात. वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय यांच्या तज्ज्ञांकडून हे काम करून घेता येईल.

राज्यातील माती एकसारखी नाही, सल्ला मात्र पुष्कळदा एकच असतो: चुना टाका. कोकणातील जांभ्या मातीत तो योग्यच आहे. तिथले पाणी मृदू, कमी अल्कतेचे असते, त्यामुळे सामू सकाळ-संध्याकाळ झोके खातो, टाकलेल्या खताचा पुरेसा उपयोग होत नाही आणि प्लवंग धरत नाहीत. मराठवाडा व विदर्भातील काळ्या मातीत, जिथे सामू आधीच 8.5 च्या आसपास असतो, कळीचा चुना टाकल्यास तो आणखी चढतो आणि अमोनियाचे विषारी रूप वाढते. त्या तळ्यांची खरी तक्रार बहुधा गढूळपणाची असते. तरंगणारी चिकणमाती खाली बसवायला तिथे जिप्सम अधिक उपयोगी पडते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांची गोष्ट आणखी निराळी: तिथे माती पाण्याला लागतच नाही, म्हणून क्षार आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही बाहेरून द्यावे लागतात. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांत वर्षानुवर्षे साचलेला गाळ असतो. त्याच्या काळ्या थरातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मातीच्या प्रकारानुसार वेगळ्या सल्लापत्रिका निघाव्यात आणि चुन्याचे अनुदान अल्कतेच्या तपासणीशी जोडले जावे.

पाणी पिलांना अन्नही पुरवते. जिऱ्यांचे पहिले अन्न म्हणजे चक्रधर, मोइना यांसारखे प्राणिप्लवंग. कृत्रिम खाद्य त्यांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. पहिल्या जोरदार पावसात कापूस-सोयाबीनच्या शेतांतून वाहून येणारी कीटकनाशके, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड, अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असतात. मोइनासारखे जीव त्यांना अतिशय संवेदनशील असल्याने पिले वाचली तरी उपाशी राहतात. वाढ थांबल्याचे कारण मग खाद्यात शोधले जाते. नर्सरी तळ्यांभोवती चर व बांध घालून शेतातील पाणी वळवण्याच्या कामाला योजनांत खर्चाचे स्वतंत्र शीर्षक असावे.

काही बाबी थोडक्यात नोंदवणे पुरे. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, कर्बवायू व लोह असू शकते. ते उंचावरून पाडून, हवा देऊनच वापरावे. नायट्राइट वाढले की रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू असूनही पिले गुदमरतात. मिठातील क्लोराइड त्यावर उतारा ठरते. बीज वाहतुकीच्या पिशवीत कर्बवायू साठून सामू उतरलेला असतो, त्यामुळे जमलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तापमान जुळवण्यासाठी पिशवी बंद ठेवूनच पाण्यावर तरंगवावी आणि उघडल्यावर फार वेळ घालवू नये. ही सूचना प्रत्येक पिशवीवर मराठीत छापली जावी.

शेतजमिनीला 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. राज्य शासनाने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला असल्याने तळ्यालाही तशी जलपत्रिका मिळणे सुसंगत ठरेल. तीत अल्कता, काठिण्य, पहाटेचा प्राणवायू, दुपारचा सामू व अमोनिया आणि गाळाचा प्रकार नोंदलेला असावा, आणि बीजाची उचल ती पाहूनच ठरावी. पाणी तयार नसेल तर पुरवठा आठवडाभर पुढे ढकलण्याची मुभा असावी. उद्दिष्टाच्या तारखेसाठी जिरे अशा पाण्यात सोडण्यात कोणाचेच हित नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पाणी तपासणीच्या सुविधांना स्थान आहे. त्यातून फिरती प्रयोगशाळा निदान हंगामाच्या तीन महिन्यांत तालुक्यापर्यंत पोचावी. कृषी दर्जाचा लाभ रात्री चालणाऱ्या वायुवीजन यंत्रांच्या वीजदराला मिळावा आणि पहाटे दोन ते सहा या वेळेत मत्स्यबीज केंद्रांचा वीजपुरवठा खंडित होऊ नये.

शेवटची मागणी पंचनाम्याची. मर पहाटे होते, पंचनामा दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी. तोवर पाण्यात प्राणवायू परतलेला असतो आणि कारण ‘अज्ञात’ लिहिले जाते. मर आढळताच तळ्याच्या चालकाने दोन साक्षीदारांसमोर पाण्याचा नमुना घेऊन, प्राणवायूसाठीची रसायने जागेवरच मिसळून तो बंद करावा, तापमान व सामू त्याच वेळी लिहावेत, आणि असा नमुना नुकसानभरपाईच्या प्रकरणात ग्राह्य धरला जावा. त्यासाठीच्या बाटल्या व रसायने प्रत्येक संस्थेकडे हंगामापूर्वी ठेवण्यात यावीत.

निवेदक,
मत्स्यबीज संवर्धक व मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद