रिकामे मॉड्यूल आणि खोटा इशारा

बनशंकरी म्हटले की आपल्याकडील अनेक कुटुंबांना बदामीची कुलदेवता आठवते. बंगळुरूत मात्र हे कनकपुरा रस्त्यावरील देवळाभोवती वाढलेल्या मोठ्या वसाहतीचेही नाव आहे. २००४ साली नेमणुकीनिमित्त मी तेथेच राहत असे. कार्यालयही जवळच होते.

मार्च महिन्यात खर्चाच्या विवरणपत्रांसाठी वरिष्ठ कार्यालयाकडून एक्सेलचा एक नमुना आला. तो उघडला की प्रत्येक वेळी इशारा येई : या फाइलमध्ये मॅक्रो आहेत, त्यांत व्हायरस असू शकतो, मॅक्रो चालू करावेत की बंद? मॅक्रोंची यादी पाहावी, तर ती कोरी! लिपिक गोंधळून माझ्याकडे येत आणि ‘चालू करा’ असे सांगून मी मोकळा होई.

पुढे या कटकटीला कंटाळून एका सहकाऱ्याने सुरक्षेची पातळी ‘मध्यम’वरून ‘निम्न’ केली. इशारा थांबला. आठवड्याभरात सर्व अकरा संगणकांवर तेच झाले. मला ते ठाऊक होते, तरी मी हरकत घेतली नाही. एप्रिलमध्ये एका फ्लॉपीतून ‘लॅरू’ आला. १९९६ साली सापडलेला हा एक्सेलमधील पहिला प्रभावी मॅक्रो-व्हायरस. ‘पर्सनल’ नावाच्या फाइलमध्ये तो ठाण मांडतो आणि पुढे उघडलेल्या वर्कबुकांत शिरतो. तो आकडे बिघडवीत नाही, हे आमचे नशीब. परंतु आमची विवरणपत्रे वरच्या कार्यालयात अडकली आणि त्यांच्याबरोबर दोन निवृत्त कर्मचाऱ्यांची थकबाकीही महिनाभर लांबली. त्यांपैकी एक गृहस्थ दर सोमवारी येऊन बाकावर शांतपणे बसत. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी तो नमुना नीट तपासला. ऑल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की व्हिज्युअल बेसिकची खिडकी उघडते. डावीकडे एक मॉड्यूल दिसले. आत एक ओळही नव्हती. कोणीतरी मॅक्रो नोंदवून नंतर केवळ त्याचा मजकूर पुसला होता, कवच तसेच राहिले होते. त्या काळचे एक्सेल आतला मजकूर न पाहता मॉड्यूल असल्यावरूनच इशारा देई. मॉड्यूलवर माउसची उजवी कळ दाबून ‘रिमूव्ह’ निवडले, निर्यातीला नकार दिला, फाइल जतन केली. दोन मिनिटांचे काम.

या प्रकरणात लिपिकांना दोष देणे मला मान्य नाही. प्रत्येक फाइलला ‘तात्काळ’ची पताका लावणाऱ्या खात्यात खरोखरीची तातडी ओळखू येत नाही, हे आपण सारे जाणतो. रोज खोटा इशारा पाहणारा माणूस खऱ्या इशाऱ्यापाशी थबकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. नमुना प्रसृत करणाऱ्या अधिकाऱ्याने तो आधी दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उघडून पाहावा आणि इशारा आल्यास त्याचे कारण दूर केल्याखेरीज तो पुढे पाठवू नये.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखण्यास आरंभ केला. आता एका कळीने होकार देता येत नाही. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करावी लागते. अलीकडेच एका कार्यालयाचा नमुना माझ्याकडे आला. सोबतच्या पत्रात पहिलीच सूचना होती : उघडण्यापूर्वी ‘अनब्लॉक’ करावे. आत केवळ बेरजेची सूत्रे होती. नमुना एक्सएलएसएक्स प्रकारात पाठवावा, त्यात मॅक्रो राहूच शकत नाही, असे मी त्यांना कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.