दहा मिनिटांचा न्याय

जॉर्ज स्टिनीविषयी बोलताना ‘न्यायालयाची चूक झाली’ असे म्हणण्याची रीत आहे. हा शब्द नाकारला पाहिजे. चूक अनवधानाने घडते. येथे प्रत्येकाने डोळे उघडे ठेवून आपले काम केले.

मार्च १९४४ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात, अल्कोलू गावी, दोन लहान श्वेतवर्णीय मुलींची हत्या झाली. पोलिसांनी १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय जॉर्जला पकडले. आईवडील नाहीत, वकील नाही, अशा स्थितीत त्याची चौकशी झाली. त्याने गुन्हा कबूल केला, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या सहीचा कबुलीजबाब मात्र नाही. वडिलांची लाकडाच्या गिरणीतील नोकरी गेली, कुटुंबाला गाव सोडावे लागले.

२४ एप्रिलला खटला एका दिवसातच आटोपला. जिल्ह्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण ज्युरी मतदारांतून निवडली जाई आणि त्यांना मतदानापासूनच दूर ठेवले जाई. त्यामुळे ज्युरीत सारे श्वेतवर्णीय. त्यांना निकालासाठी १० मिनिटे पुरली. नेमून दिलेल्या वकिलाने अपील केले नाही. गव्हर्नर ऑलिन जॉन्स्टन यांनी दया नाकारली. १६ जूनला त्या मुलाला विजेच्या खुर्चीत बसवून ठार करण्यात आले. कायद्याचे सारे उपचार पार पडले होते. न्याय तेवढा नव्हता.

१७ डिसेंबर २०१४ रोजी न्यायाधीश कार्मेन मलेन यांनी ती दोषसिद्धी रद्द केली. खटला न्याय्य रीतीने चाललाच नव्हता, असा त्यांचा निर्णय. यावर काहीजण म्हणतात, ‘म्हणून तो निर्दोष ठरला का?’ परंतु निर्दोषत्व सिद्ध करणे हे आरोपीचे काम नव्हे. गुन्हा सिद्ध करणे हे शासनाचे काम होते आणि ते त्याने केले नाही. त्या दोन मुलींवरही हा अन्यायच झाला, कारण मुलाला घाईने संपवून सत्याचा शोधही संपवण्यात आला.

२०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी श्रद्धाग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकारार्ह ठरवला. ती शिकवण मान्य करायची आणि प्रत्येक क्रूर हत्येनंतर ‘फाशी द्या’ म्हणायचे, हे आपल्याला शोभत नाही. जॉर्जला मारायला तीन महिनेही लागले नाहीत. निकाल रद्द व्हायला ७० वर्षे लागली. तुरुंगाचे दार न्यायालयाला पुन्हा उघडता येते, थडग्याचे नाही.