करार रजिस्टरांचा

पस्तीस डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला. त्याच्या एआरएम प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग पॉइंटची गणितं करणारं वेगळं युनिट होतं. पण सुरुवातीला त्यावर चालणाऱ्या डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'आर्मेल' आवृत्तीतले प्रोग्रॅम तीच गणितं सॉफ्टवेअरने, अनेक पायऱ्यांत सोडवत होते.

जुन्या एआरएम चिपांत असं युनिटच नसे, म्हणून फंक्शनला किंमती कशा पोचवायच्या याचा करार, म्हणजे कॉलिंग कन्व्हेन्शनही, त्याविनाच ठरलं होतं. फंक्शनची आर्ग्युमेंटं आर० ते आर३ या ३२ बिटांच्या चार रजिस्टरांतून जायची. 'डबल' हा फ्लोटिंग पॉइंट संख्येचा प्रकार मात्र ६४ बिटांचा. दोन डबल दिले की जागा भरली, तिसरा स्टॅकवर.

जीसीसी या कम्पायलरने 'सॉफ्टएफपी' नावाची तडजोड काढली. गणित युनिटमध्ये, आर्ग्युमेंटांची ये-जा मात्र जुन्याच रजिस्टरांतून. जुन्या लायब्ररी चालत राहिल्या, पण कॉर्टेक्स-ए८ या एआरएम प्रोसेसरवर युनिटमधून किंमत बाहेर काढायलाच सुमारे वीस सायकल जात. छोटी फंक्शनं वारंवार बोलावणाऱ्या प्रोग्रॅमला हे फार महागात पडतं.

'हार्ड-फ्लोट' या नव्या कन्व्हेन्शनमध्ये आठ डबल थेट युनिटच्या डी० ते डी७ या रजिस्टरांतून जातात. पण त्यासाठी सगळी सिस्टिम एकाच नियमाने कम्पाइल व्हावी लागते. एकाने किंमत डी० मध्ये ठेवली आणि दुसऱ्याने आर० मध्ये शोधली, तर प्रोग्रॅम बंदही पडत नाही, निमूट चुकीचं उत्तर देतो. म्हणूनच लिंकर ऑब्जेक्ट फाइलवरची खूण तपासून असं मिश्रण नाकारतो.

डेबियनच्या हार्ड-फ्लोट आवृत्तीला एआरएमव्ही७ लागे, पाय होता एआरएमव्ही६ चा. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी हजारो पॅकेजं नव्याने कम्पाइल करून पायसाठी डेबियनची हार्ड-फ्लोट आवृत्ती, रास्पबियन, उभी केली. ओरॅकलची जावा तेव्हा हार्ड-फ्लोटवर चालत नसल्याने तिच्यासाठी वेगळी सॉफ्ट-फ्लोट प्रत द्यावी लागली, तरीही हार्ड-फ्लोटकडे वळण्याचा निर्णय योग्यच होता. असा बदल जितका लांबवावा तितकी मोडणाऱ्या प्रोग्रॅमांची संख्या वाढते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायलाच हवा. प्रिंटएफसारख्या, आर्ग्युमेंटांची संख्या न ठरलेल्या फंक्शनांना हार्ड-फ्लोटमध्येही जुनाच नियम लागतो. तुम्ही लिहिलेलं असं फंक्शन आधी जाहीर न करता बोलावलं, तर कम्पायलर डबल डी० मध्ये ठेवतो आणि फंक्शन तो पूर्णांकांच्या रजिस्टरांत शोधतं. अशी अघोषित फंक्शनं जीसीसी १४ ने २०२४ मध्ये इशाऱ्यावरून थेट चूक ठरवली, हे उत्तम झालं. जुना कोड कम्पाइल करताना ही चूक दिसली तर ती दाबणारा पर्याय शोधू नका. योग्य हेडर जोडा.