आरसा आणि नाव

इटलीत रोमच्या भरभराटीआधी नांदलेल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत, विशेषतः स्त्रियांच्या, काशाचे आरसे सापडतात. एक बाजू घासून लखलखीत केलेली, दुसरीवर देवादिकांची चित्रे कोरलेली. बायकांची नटण्याची हौस, दुसरे काय, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही.

कीउसीजवळ १८८६ साली सेइआन्ती हनुनिया त्लेस्नासा या स्त्रीची शवपेटी मिळाली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. झाकणावर ती आरसा घेऊन रेलली आहे आणि खाली तिचे नाव कोरले आहे. त्या नावात सासरबरोबर माहेरचे घराणेही आहे. तो आरसा तिचा आहे आणि नावही तिचेच.

वस्तूंवरून माणूस ओळखताना आपली समजूत आड येते. तार्क्वीनियाला २०१३ साली सांगाड्याशेजारी भाला दिसला, म्हणून तो राजपुत्र ठरला. हाडे तपासली तेव्हा ती ३५ ते ४० वर्षांच्या बाईची निघाली! आपल्या विदर्भातही माहुरझरी, टाकळघाट-खापा येथे डॉ. शां. भा. देव यांनी इसवी सनापूर्वीची शिळावर्तुळे उकरली. त्यांत लोखंडी हत्यारे, घोड्यांचे साज, मणी मिळाले. हत्यार म्हणजे वीर आणि मणी म्हणजे बाई, असे तिथेही डोळे झाकून का म्हणावे?

आता आपल्या घरात पाहू. आमच्या सुलतानपुरात सवाष्ण गेली तर हिरवे लुगडे, चुडा, मळवट. विधवा गेली तर यातले काहीच नाही. म्हणजे जे सोबत जाते ते त्या बाईचे नसतेच, ते नवऱ्याच्या असण्याचे असते. माझ्या आजीची आरशाची फणेरपेटी आजोबांच्या मागे फळीवर गेली ती कायमची. आजीला अक्षरओळख नव्हती. तिचे माहेरचे नाव घरात फारसे कुणाला ठाऊक नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. पाऊल योग्यच आहे. पण त्याआधी जन्मलेल्या आया-आज्यांचे काय? आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच लिहिते-वाचते. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीत आजीचे माहेरचे नाव, तिचे गाव आणि तिने जपलेल्या वस्तू वहीत लिहून ठेवा. हे काम कुणा संशोधकाची वाट पाहत ठेवण्यासारखे नाही.