गुलकंद आणि रसभंग

प्रेमिकाच्या भावविश्वात स्वयंपाकघर शिरले की हसू येते. आणि या हसण्याची मीमांसा मराठी समीक्षेने बहुधा एका ठरीव द्वंद्वाच्या आधारे उरकली आहे. स्वप्न आणि वास्तव, काव्य आणि व्यवहार अशी दोन टोके कल्पायची, दुसऱ्याने पहिल्याचा भंग केला असे म्हणायचे आणि त्या भंगाला ‘निखळ विनोद’ असे प्रशस्तिपत्र द्यायचे. या रीतीचा ठळक बळी म्हणजे प्र. के. अत्रे यांच्या, ‘केशवकुमार’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहातील ‘प्रेमाचा गुलकंद’ ही कविता होय.

कवितेतील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. ‘तो’ ‘ति’ला नेमाने गुलाब आणून देतो, फलप्राप्तीची घटका आली असे त्याला वाटते, तेव्हा ती त्याच गुलाबांच्या गुलकंदाची बरणी पुढे ठेवते. प्रचलित अन्वयार्थ असा की, १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या प्रेमकवितेतील भावविवशतेचे हे विडंबन असून, स्त्रीच्या व्यवहारी अरसिकतेमुळे प्रियकराच्या स्वप्नाचा रसभंग होतो. यातील पहिले विधान ग्राह्य आहे. दुसरे मात्र संहितेच्या आणि शास्त्राच्याही कसोटीवर टिकत नाही.

रसभंग होण्यासाठी आधी रस असावा लागतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त उभयनिष्ठ नसलेल्या रतीची गणना आभासात केली आहे. प्रस्तुत कवितेत रती आहे ती त्याची. तिची रती संहितेत कोठेही सिद्ध होत नाही. म्हणजे पहिल्या फुलापासून येथे आहे तो शृंगार नव्हे, शृंगाराभास. अभिनवगुप्ताने हास्याचा संबंध रसाभासाशी जोडला आहे, हे ध्यानात घेतले तर हास्याचे मूळ बरणीत नसून पुष्पार्पणाच्या त्या एकतर्फी नित्यक्रमात आहे, असे म्हणणे भाग पडते. जे निष्पन्नच झाले नाही, त्याचा भंग गुलकंद कसा करणार?

‘व्यवहाराचा शिरकाव’ ही कल्पनाही तपासण्याजोगी आहे. गुलाब बागेतून येतात तसे बाजारातूनही येतात. बाजार आणि नित्यनेम ही दैनंदिनाची दोन्ही रूपे या प्रेमाच्या आत प्रारंभापासूनच वसत आहेत. शेवटी झालेल्या खर्चाचा हिशेब मनाशी मांडून बरणी फस्त करतो तोही ‘तो’च. मग व्यवहारीपणाचा शिक्का एकट्या तिच्यावर कोणत्या पुराव्याने मारला जातो? फूल नाशवंत आहे हे ओळखून ते टिकवणे, हा त्याच फुलाचा तिने लावलेला दुसरा अन्वय आहे. तो काव्यबाह्य ठरवायचा, तर समीक्षेला आधी प्रियकराच्या बाजूला जाऊन बसावे लागते.

विडंबनकाराला हे अभिप्रेत नव्हते, असा आक्षेप येईल. अत्र्यांचा रोख तत्कालीन काव्यसंकेतांवर होता, यात वाद नाही. ‘ति’ला बंडखोर नायिका ठरवणे हाही अतिरेकच होईल. परंतु संकेताचे विडंबन होताना त्या संकेतातील गृहीतही उघडे पडते. फुले स्वीकारणाऱ्या स्त्रीने पुढे त्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्या संकेताने विचारलेलाच नसतो. विडंबन तो विचारते. समीक्षा मात्र हसण्याच्या भरात तो पुसून टाकते.

प्रश्न एका कवितेपुरता नाही. उतू जाणारे दूध, दाराशी आलेला भाजीवाला, रडणारे मूल यांनी प्रेमप्रसंगात आणलेला व्यत्यय विनोदी लेखनात पुन:पुन्हा येतो. अशा वेळी उठून धावणारी व्यक्ती बहुधा कोण असते आणि ‘रसभंग’ झाल्याची तक्रार बहुधा कोणाची असते, हे विचारल्याखेरीज ‘निखळ विनोद’ ही संज्ञा वापरली जाऊ नये. ती केवळ वर्णनपर नाही. घरकामाला रसाच्या कक्षेबाहेर ठेवणारा मूल्यनिर्णय तिच्यात अंतर्भूत आहे, आणि मूल्यनिर्णयाचे समर्थन देण्याची जबाबदारी समीक्षेला टाळता येत नाही.