लायक्रातलं सोवळं

पहिला आक्षेप सीटच्या उंचीवर होता.

साल 2010, मार्च महिना. नोकरीनिमित्त मी तेव्हा लंडनच्या दक्षिणेला राहत होतो आणि दर रविवारी तिथल्या एका सायकल क्लबबरोबर सरे परगण्यातल्या टेकड्या चढत होतो. क्लबचं नाव सांगत नाही. असे क्लब तिथे गावोगाव आहेत आणि चहाच्या टेबलावर सगळे सारखेच बोलतात. महिन्याच्या सुरुवातीलाच टीव्हीवरच्या सात नामवंतांनी एक उद्योग पार पाडला होता. डेव्हिड वॉलियम्स, जिमी कार, मिरँडा हार्ट, रसेल हॉवर्ड आणि पॅट्रिक किल्टी हे पाच विनोदवीर, डेव्हिना मॅकॉल आणि फर्न कॉटन या दोन निवेदिका. स्पोर्ट रिलीफ या मदतनिधीसाठी त्यांनी जॉन ओ'ग्रोट्सहून लँड्स एंडपर्यंत सायकल हाणली. म्हणजे ब्रिटनचं काश्मीर ते कन्याकुमारी, सुमारे 1,400 किलोमीटर. आळीपाळीने, रात्रीसुद्धा न थांबता. चार दिवसांच्या आत पोहोचले आणि दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम गोळा करून दिली.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या टेबलावर अकरा माणसं होती. बाहेर अकरा सायकली, त्यातल्या निम्म्या कार्बनच्या, एकेकीच्या किमतीत तेव्हा पुण्यात बरी सेकंडहँड मोटार आली असती. आणि या अकरांच्या मुखातून दहा लाख पौंडांबद्दलचं पहिलं वाक्य काय निघालं? की त्या सात जणांतल्या एकीची सीट दोन इंच खाली होती.

दोन इंच! टीव्हीवरच्या पाच सेकंदांच्या दृश्यात हिचा गुडघा किती अंशात वाकतो हे या महाभागांनी घरबसल्या मोजलं होतं. मग टाचा आत की बाहेर, हेल्मेट मागे सरकलेलं, गिअर चुकीचा, मोजे आखूड. सत्यनारायणाच्या पूजेत केळीचे खांब डावे-उजवे झाले म्हणून प्रसाद नाकारणारा एक काका प्रत्येक वाड्यात असायचा. तो गेला असं मला वाटत होतं. गेला नाही. त्याने लायक्रा घातला, काळा चष्मा लावला आणि सरेच्या टेकडीवर येऊन बसला.

आता ही माणसं उरलेले एकावन्न आठवडे काय बोलतात ते ऐका. देशात कोणी सायकल चालवत नाही. मोटारवाले आम्हाला माणसात धरत नाहीत. सरकार सायकलींसाठी वेगळे रस्ते करत नाही. लहान पोरांच्या हातून सायकल सुटली. प्रसारमाध्यमं तर ढुंकून बघत नाहीत. हे सगळं खरं आहे, मीही त्यांच्यासोबत पोटतिडकीने हेच बोलायचो. आणि मग एके दिवशी देशातले सात ओळखीचे चेहरे, ज्यांचा सायकलशी काडीचा संबंध नाही असे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत सायकलवर बसतात आणि लाखो घरांतल्या पडद्यांवर दिसतात. बारा वर्षं नवस केलेला देव दारात उभा राहिला, तर या भक्तांनी विचारलं, वहाणा कुठल्या कंपनीच्या?

दुसरा आक्षेप जरा भारदस्त होता. आळीपाळीने चालवली, तीही मागे मदतीची गाडी घेऊन, म्हणजे ती खरी 'एंड टू एंड', टोकापासून टोकापर्यंतची यात्रा, नव्हेच. एकाने बोट वर करून दाखला दिला: गेथिन बटलरने 2001 साली हेच अंतर एकट्याने 44 तास 4 मिनिटांत कापलं. बरोबर आहे. बटलर हा अचाट माणूस आहे आणि तो विक्रम ऐकून मी आजही हात जोडतो. पण साहेब, तो विक्रम बटलरचा. तुम्ही 44 तासांत बाथरूमचा नळ दुरुस्त केलेला नाही. शेजारच्या पोराला बोर्डात मिळालेले गुण सांगून स्वतःच्या घराचा उंबरठा उंच करण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक करून नैऋत्येकडून वाहतो. लँड्स एंड नैऋत्य टोकाला, जॉन ओ'ग्रोट्स ईशान्य टोकाला. म्हणून विक्रमवीर लँड्स एंडहून सुटतात, वारा पाठीशी घेतात आणि तो मनासारखा फिरेपर्यंत वाट बघतात. 1886 मध्ये मोठ्या चाकाच्या उंच सायकलवर हे अंतर पाच दिवस आणि पावणेदोन तासांत तोडणारा जी. पी. मिल्स निघाला तोही लँड्स एंडहूनच. या सात जणांनी काय केलं? उलटी दिशा घेतली. वरून खाली, वाऱ्याच्या सर्वसाधारण चालीच्या विरुद्ध, तेही मार्चच्या सुरुवातीला, आणि तारीख आधी जाहीर करून. टीव्हीची तारीख वाऱ्यासाठी पुढे ढकलता येत नाही. रविवारी सकाळी हवामानाचा अंदाज बघून परतीच्या वाटेला वारा पाठीशी येईल असाच रस्ता आखणाऱ्या आमच्या टेबलाच्या ही बाब लक्षात यायला हवी होती. एकाच्याही आली नाही.

आणि आळीपाळी म्हणजे भेसळ, हे शास्त्र कुठल्या पोथीत आहे? अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही जगातल्या सर्वांत खडतर शर्यतींपैकी एक. तिच्यात दोघांचे, चौघांचे, आठ जणांचे संघ रीतसर उतरतात आणि आळीपाळीने चालवतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 मध्ये दोघांच्या गटात तिथे उतरले आणि सुमारे 4,800 किलोमीटरची ती शर्यत त्यांनी पूर्ण केली. एक सायकलवर, दुसरा विश्रांतीला, मागे मदतीची गाडी आणि माणसांचा ताफा. साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं आणि योग्य तेच केलं. मग नाशिकच्या डॉक्टरांनी केली तर तपश्चर्या आणि लंडनच्या विनोदवीरांनी केली तर भेसळ? अंतराचा फरक मला मान्य आहे, सरावाचा तर कितीतरी पट. पण तुमचा आक्षेप अंतरावर नव्हता. तो आळीपाळीवर आणि मागच्या गाडीवर होता, आणि तो दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडतो किंवा कुठेच पडत नाही.

यानंतर टेबलावर ब्रह्मास्त्र आलं. "हे सगळं प्रसिद्धीसाठी आहे." बोलणाऱ्याच्या अंगात पिवळी जर्सी होती. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला खरोखर ठाऊक नव्हतं की ती जर्सी पिवळी का आहे! 1903 साली टूर द फ्रान्स सुरू झाली ती 'लोटो' नावाच्या फ्रेंच वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. प्रतिस्पर्धी 'ल व्हेलो' या पत्राला खाली ओढायचं होतं, संपादक आंरी देग्रांज यांना अंक विकायचे होते. 'लोटो' पिवळ्या कागदावर छापलं जायचं, आणि 1919 मध्ये आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी देण्यात आली. त्याच्याही आधी, 1891 मध्ये, पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही 1,200 किलोमीटरची महायात्रा सुरू झाली, तीही 'ल पेती झुर्नाल' या वर्तमानपत्राची कल्पना. आज आपल्याकडचे ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करणारे सायकलस्वार, जिच्या नावाने कानाच्या पाळीला हात लावतात, तीच. म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ही दोन्ही थोर घराणी छापखान्याच्या शाईत जन्मली. वर्तमानपत्राच्या जाहिरातीचं वस्त्र अंगावर मिरवायचं आणि आजाऱ्यांसाठी, गरिबांसाठी निधी गोळा करणाऱ्याला प्रसिद्धिलोलुप म्हणायचं, याला काय म्हणतात ते वाचकाला सांगायची गरज नाही.

"एवढे श्रीमंत आहेत तर स्वतःच्या खिशातून द्यावेत की!" हेही आलं. दर वर्षी जूनमध्ये लंडन ते ब्रायटन ही हृदयरोग संशोधनासाठीची सायकलफेरी निघते, 54 मैलांची. शेवटाकडे डिचलिंग बीकन नावाची टेकडी लागते आणि तिथे माणसांचे जथेच्या जथे खाली उतरून सायकली ढकलतात. या फेरीआधी आमच्या क्लबातले हेच सभासद कचेरीत कागद फिरवायचे, माझ्यासमोरही धरायचे: दहा पौंड लिही, वीस लिही. बँकेत चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस माझ्याकडे दहा पौंड मागतो तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून द्यावेत असं मी म्हटलं नाही. कारण पद्धत कशी चालते ते मला कळतं. कष्ट एकाने करायचे, ते बघून पैसे शंभरांनी द्यायचे. मागणारा जितका ओळखीचा, तितके देणारे जास्त. एवढा साधा हिशेब. तो 54 मैलांना चालतो आणि 1,400 किलोमीटरला चालत नाही?

आपल्याला इयान बोथम माहीत आहे. 1980 साली वानखेडेवर एकाच कसोटीत शतक ठोकून आणि तेरा बळी घेऊन ज्याने आपल्याला रडवलं, तोच. 1977 मध्ये पायाच्या दुखापतीसाठी तो टाँटनच्या रुग्णालयात गेला असताना त्याने रक्ताचा कर्करोग झालेली मुलं पाहिली. 1985 साली तो जॉन ओ'ग्रोट्सहून लँड्स एंडला चालत निघाला, त्या मुलांच्या आजारावरच्या संशोधनासाठी. पुढे वर्षानुवर्षं चालत राहिला. तेव्हा कुठल्या गिरिभ्रमण मंडळाने त्याच्या बुटांची लेस तपासली असेल तर त्या मंडळाचं नाव आज कोणाला ठाऊक आहे? बोथमची पदयात्रा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

मला सर्वांत जास्त संताप कशाचा येतो ते आता सांगतो. या नामवंतांच्या दानयात्रांवर टीका करण्यासारखं काही नव्हतंच, असं नाही. होतं, आणि चांगलं गंभीर होतं. स्पोर्ट रिलीफ चालवायची ती कॉमिक रिलीफ ही संस्था. 2013 च्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्याच 'पॅनोरमा' कार्यक्रमाने दाखवून दिलं की या संस्थेने आपला लाखो पौंडांचा निधी ज्या फंडांत गुंतवला होता, त्यांचे समभाग तंबाखू, दारू आणि शस्त्रास्त्रांच्या कंपन्यांत होते. संस्थेला त्यानंतर गुंतवणुकीचं धोरण बदलावं लागलं. 2019 मध्ये खासदार डेव्हिड लॅमी यांनी विचारलं, आफ्रिकेतल्या मुलांना कडेवर घेऊन गोऱ्या ताऱ्यांनी तारणहार म्हणून किती दिवस मिरवायचं? त्यावर देशभर वाद झाला. हे प्रश्न होते. पैसा कुठे जातो, कोणाच्या हातून जातो, ज्याला मिळतो त्याचा चेहरा कसा दाखवला जातो, असे प्रश्न. ते पत्रकारांनी विचारले, खासदाराने विचारले. आम्ही अकरा जण, चाकाच्या आऱ्या मोजता येणारे, हवेचा दाब दशांशात सांगणारे, इतके चिकित्सक, आणि आमची सगळी चिकित्सा दोन इंचांत संपली. मी त्या टेबलावर बसलो होतो, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

पुण्यात परतल्यावर वाटलं, इथे हवा वेगळी असेल. हे एकेकाळी सायकलींचं शहर. इथल्या माणसाने सायकलवरून दूध वाटलं, पेपर टाकले, कारखान्यातली पहिली पाळी गाठली. मुंबईहून 1923 साली निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 मध्ये परतले, तेव्हा त्यांच्याकडे ना पॅडची चड्डी होती ना रस्ता सांगणारं यंत्र. असा वारसा असलेल्या मुलखात सायकलवाल्याने सायकलवाल्याला जात विचारू नये, असं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतली एक मालिकांतली नटी एका अनाथाश्रमासाठी पुण्याहून कोल्हापूरला सायकलने निघाली. दोन दिवसांत, मैत्रिणींबरोबर, मागे टेम्पो. खंबाटकीच्या चढाला ती उतरली आणि चालली. तो व्हिडिओ दुपारपर्यंत आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये आला आणि एका ब्रेव्हे-वीराने खाली लिहिलं: "सीट बघा तिची!" पन्नास जणांनी हसरे चेहरे टाकले. ब्रेव्हेचा मूळ नियम हा की ती शर्यत नव्हे. क्रमांक नसतो, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण केले की पहिल्याला आणि शेवटच्याला मान सारखाच. ती शिकवण पाठ म्हणणारी माणसं ही!

मी ग्रुपमध्ये एकच विचारलं, अनाथाश्रमाच्या खात्यात कोणी किती भरले? त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणी काही लिहिलं नाही.

तुम्ही सायकल चालवत असाल तर अशी एखादी यात्रा तुमच्या गावावरून कधी ना कधी जाईल. कोणी नट, कोणी गायिका, कोणी निवृत्त क्रिकेटपटू. पोट सुटलेलं असेल, गिअर चुकीचा असेल, मागे गाडी असेल, कॅमेरा तर असेलच. हिशेब कुठे जातो ते जरूर विचारा, खडसावून विचारा, पावती मागा. आणि सीट खाली दिसली तर घाटाच्या पायथ्याशी जा, खिशातला पाना काढा, दोन इंच वर करून द्या आणि रस्ता मोकळा करा.